भिंतीवरची दानम्मा

“हॅलो? … कोण, पुनम? अगं, बोल ना!”

लातूरच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या मंजुश्रीनं फोन खांद्याला दाबून रंगाचे हात पुसले. पुनम तिची नांदेडच्या चित्रकला कॉलेजातली वर्गमैत्रीण. आता त्याच कॉलेजात शिकवत होती.

“हो, हो… पुराचं वाचलं मी. … आपल्या हॉलमध्ये? मग आपण रंगवलेली भिंत? … अर्धी गेली! म्हणजे घाट गेला, नावा गेल्या… आन् दानम्मा? … अगं, तिचा चेहरा हाय का न्हाई, तेवढं सांग आधी!”

ती बाकावर टेकली.

“हाय? डोळेबी? … न्हाई गं, रडत न्हाई. … आठवतं ना, आपल्याच वर्गातली, तरी चित्रासाठी बसायलाच तयार नव्हती. ‘मी काळी हाय, मला नका काढू.’ भजी कबूल केली तवा कुठं बसली! … हाव, हनुवटीवरचं भज्याचं तेलबी रंगवलं मी. चंद्रप्पा सर लई हसले. … आन् वर्षभरात गेलीच की गं ती. साधी कावीळ…

“काय? सगळ्या भिंतीला चुना? … कोण, प्राचार्य म्हणतात? … थांब, ऐक ना. चंद्रप्पा सरांनी वर्गात इटलीतलं ते येशूच्या जेवणाचं चित्र दाखवलेलं… हो, तेच. लढाईत बॉम्ब पडला, छप्पर कोसळलं, चित्राची भिंत तेवढी उभी. त्यांनी फासला का चुना? … शेजारीच हायत? दे त्यांना.”

मंजुश्री उठून उभी राहिली.

“नमस्कार सर. मी मंजुश्री, तुमच्याच कॉलेजची. … ओल धरलीय, खरंय. खालचा गिलावा काढा, वरचा राहू द्या. … सर, भिंतीवरच्या त्या पोरीचा धड एक फोटोसुद्धा न्हाई. तिची आई उदगीरहून येते, या भिंतीपुढं बसते, जाते. … हो, अजून येते. … तिला काय दाखवायचं सर? … हॅलो? … खरंच? … लई उपकार झाले.”

तेवढ्यात पलीकडं कुणीतरी फोन घेतला.

“कोण? शिवांगी… शेवटच्या वर्षाला? बोल बाळा. … खालचं तुम्ही रंगवणार? रंगवा की. घाट तुमचा, नावा तुमच्या. फक्त चेहऱ्याला ब्रश लावू नका. … हातात? तिच्या हातात काय होतं?”

मंजुश्रीनं डोळे मिटले. चेहरा लख्ख दिसत होता. त्याखाली काहीच येईना.

“आठवेना गं… मीच काढलेले, तरी आठवेना. … असं कर, तुझे हात काढ. … हो, तुझेच. आरशात बघ, आन् काढ.”