टेसाच्या फॉर्मात मी

...आणि वर म्हणे, फॉर्म सोपा केलाय! तुम्हाला सांगतो, अठ्ठावीस वर्षं अमेरिकेत, नेब्रास्कात शाळेची बस चालवतोय, बर्फात, गारठ्यात, मागे चाळीस कार्टी बोंबलतायत, पण रस्ता कधी चुकलो नाही. चुकलो तो टेसाच्या फॉर्मात. टेसा माझी लेक. नर्सिंगला प्रवेश मिळालेला, फक्त फीसाठी फेडरल सरकारची, म्हणजे वॉशिंग्टनची मदत यायची होती, नाहीतर महिनाअखेरच्या शुक्रवारी जागा दुसऱ्याला! बरं, आमचे आजोबा दुसऱ्या महायुद्धावरून परतले तेव्हा काय झालं? सरकारनं सैनिकांच्या फुकट शिक्षणाचा एक कागद पुढे केला, आजोबांनी सही ठोकली, झाले इंजिनीअर. माझ्या वेळी त्याच कागदाचा गठ्ठा झाला, मी घाबरून कॉलेजचा नाद सोडला, स्टिअरिंग धरलं. आणि आता? आता फॉर्म सोपा केलाय!

तर बसलो. पहिलाच प्रश्न, विद्यार्थी की पालक? आता मदत कुणाला हवी? विद्यार्थ्याला. म्हणून दाबलं विद्यार्थी! पुढे माझं नाव, माझी जन्मतारीख, माझा पगार... अर्ध्या तासात पाठवून मोकळा. बायकोला म्हटलं, लोक उगाच घाबरतात.

तीन आठवड्यांनी, सोमवारी, पत्र. अभिनंदन, व्हर्लिन, अनुदान मंजूर! मला! चोपन्नाव्या वर्षी! आणि टेसा? ती सरकारच्या गावीच नाही.

धावलो कॉलेजात. मदतीच्या खिडकीत मिसेस ग्रबोव्स्की, चष्मा नाकावर. "दरवर्षी एक तरी बाप हे करतोच, व्हर्लिन." मग दुरुस्त करा की! तर म्हणाल्या, पूर्वी वॉशिंग्टनला एक बाई फोन उचलायची, पाच मिनिटांचं काम. आता ती बाई कमी केली, तिचं काम दुसऱ्या खात्याकडे, ते खातं म्हणतं राज्याला विचारा, राज्य म्हणतं वॉशिंग्टनला... नवा फॉर्म भरा, सहा आठवडे लागतील. सहा आठवडे! शुक्रवारला उरले चार दिवस! पण फॉर्म सोपा केलाय हं!

शुक्रवार गेला. जागा गेली. रिकाम्या बसमध्ये बसून रडलो, खोटं कशाला बोलू? टेसा बसमध्ये चढली. एवढंच म्हणाली, "मी पुढच्या वर्षी जाईन, बाबा. पण आलेली मदत परत करायची नाही. तू जा."

मिसेस ग्रबोव्स्कींनी माझं नाव घातलं, तेव्हापासून रोज पोरांना शाळेत सोडतो, बस कॉलेजामागे लावतो आणि वर्गात मागच्या बाकावर बसतो. टेसा वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना भरवते. पुढच्या वर्षीचा फॉर्म तिनं स्वतः भरला, मला कम्प्युटरजवळ फिरकू दिलं नाही. एकाच प्रश्नाला अडली. घरात आणखी कोणी कॉलेजात शिकतं का?

माझ्याकडे बघितलं, सुस्कारा सोडला, आणि लिहिलं... होय, वडील.