आमच्या बाचं पडद्यावरचं मरण

आन् वर त्यो पिक्चर दावणारा पोरगा मला म्हणतोय, “काका, स्टेजवर या, दोन शब्द बोला!” काय बोलू? आवं, ज्याचा बा जलमभर पडद्यावर नुसता मरतच आलाय, त्यानं काय बोलायचं? ‘आमचे तीर्थरूप हितं मेलेत, गोड मानून घ्या’?

तुमाला सांगतो, ‘इनामाची विहीर’ म्हंजे केवढा गाजल्याला पिक्चर! पन्नास वर्सं झाली, अजून माणसं डोळं पुसत बघत्यात. त्यात सुरवातीलाच तिरडी निघती न्हवं, आन् त्यो हिरो मढ्याच्या छातीवर पडून हंबरडा फोडतो... त्ये मढं आमचं! म्हंजे आमचा बा. इस्लामपूरच्या पलीकडं, कृष्णंच्या काठाला, आमच्याच गावात शूटिंग झालं. सगळं गाव हौसंनं हुबं राह्यलं, कोण गाडीवान झाला, कोण तराळ झाला, पर तिरडीवर निजाय कोण तयार हुईना. जित्या माणसानं तिरडीवर निजू न्हाई म्हणत्यात. तर आमचा बा फुडं! “निजायचंच हाय न्हवं? त्ये मला जमतंय!” आन् पिक्चर थेटरात लागायच्या आदीच बा गेला. खराखुरा. पायात खिळा शिरला, धनुर्वात झाला, संपलं. मग गाव काय म्हणणार? “तिरडीवर निजला, तिनंच नेला!” आता ह्याला काय म्हणायचं, तुमीच सांगा!

मी तवा तीन वर्साचा. बा ध्येनात न्हाई, घरात एक फोटू न्हाई. फोटू काढाय तालुक्याला जायाचं, धुतल्याली कापडं घालून ताठ बसायचं, बाला त्याचा लय कट्टाळा! म्हंजे माज्याकडं बा हाय त्यो येवढाच, पिक्चरमधला, नाकात कापूस घालून आडवा. टीव्हीवर पिक्चर लागला की गल्लीतली पोरं बोंबलायची, “ए दादासो, पळ रं, तुजा बा लागलाय!” मी रानातनं उसाच्या सरीतनं पळत सुटायचो, धापा टाकत दारात येतोय तवर... बा सरणावर पेटल्याला! एकुलता एक बा, त्योबी कवा वेळंवर गावला न्हाई. आन् शाळंतलं गुरुजी कौतुकानं पाठीवर हात ठेवणार, “दादासो, तुझे वडील किती नैसर्गिक मेले आहेत रे!” आता ह्याला काय म्हणायचं, तुमीच सांगा!

आमची आई, हरणाबाई, तिनं तर ह्यो पिक्चर कवाच बघितला न्हाई. टीव्हीवर लागला की उठून गोठ्यात जायाची. “गेल्यालं माणूस परत परत काय बघायचं?” म्हणायची, आन् म्हशीला उगंच वैरण टाकत बसायची.

असं सगळं सुरळीत चाललं व्हतं, तर साताऱ्याच्या राजस म्हणून एकाचा फोन. पिक्चरवेडा पोरगा, लय शुद्ध बोलतोय. “काका, पुण्यात एका गोदामात जुनी रिळं सापडलीत. ‘इनामाची विहीर’चे आऊटटेक्स! म्हणजे बिघडलेले, टाकून दिलेले शॉट हो. साताऱ्यात हॉलमध्ये दाखवतोय. आणि काका, तुमचे वडील त्यात... उठतात!”

आवं, बा उठतो! उभ्या जन्मात मी बा हालल्याला बघितला न्हाई वो! हसतो कसा, मान कशी वळवतो, डोळं घारं का काळं... डोळं सदा मिटल्यालं, कळणार कसं? म्हटलं, फकस्त एकदा डोळं उघडल्याला बा बघायचा. मग बाकीचं काय बी हुंदे. आईला म्हटलं चल, न्हाई म्हणाली. म्हटलं, “आये, त्यात बा उठतोय गं.” सकाळी बघतोय तर नवं लुगडं नेसून, पिशवी घिऊन दारात हुबी.

हॉल गच्च! आदी हिरॉईन चिखलात घसरली, हशा. हिरो बोलायचं इसरला, हशा. मग तिरडी आली. हिरो छातीवर पडला... आन् मढं ताडकन उठून बसलं! हॉल खदाखदा! बानं नाकातला कापूस काढून फेकला, कॅमेऱ्याच्या बाजूला कुणाकडं तरी बघून भुवया उडीवल्या, दोन्ही हात कानाला लावून हालिवलं, जीभ दावली, काय तरी बोलला. डोळं घारं, माज्यासारखं! पर आवाजच न्हाई! राजस कानात सांगतोय, “त्या काळी आवाज नंतर भरायचे, काका.” घ्या! पन्नास वर्सांनी उठला, तर मुका! आता ह्याला काय म्हणायचं!

परत तिरडी, परत हंबरडा, परत बा उठला, परत त्येच चाळं. मागनं कोण तरी म्हणतोय, “काय इरसाल मढं हाय रं गड्या!” मला लाज वाटाय लागली. आरं बाबा, त्यो हिरो रडून रडून घामाघूम झालाय, आन् तू माकडचाळं करतूस?

मी आईला इचारलं, “कुणाला येडावतोय गं ह्यो?”

आई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, “तुला.”

“मला?”

“व्हय. कॅमेऱ्याशेजारी मीच हुबी, तू माज्या कडंवर. त्यांस्नी तिरडीवर बघितलं की तू भोकाड पसरायचास. मग त्ये उठायचं. ‘हाय रं बाळा, हितंच हाय, बग की’ म्हणायचं. त्यो डायरेक्टर माज्यावर खेकसायचा, ‘अहो बाई, ते पोर आवरा!’ शेवटाला तुला गुऱ्हाळावर नेऊन बसीवला, तवा कुटं त्यांस्नी नीट मराय आलं.”

आन् नेमकं तवाच दिवं लागलं, टाळ्या पडल्या, आन् राजस म्हणतोय, “काका, दोन शब्द बोला!” मी हात जोडलं आन् तसाच खाली बसलो. लोकं म्हणली, साधा माणूस हाय.

यष्टीत कऱ्हाड मागं पडलं, मलकापूर मागं पडलं. मग मीच इचारलं, “आये, बा खरंच गेला तवा मी रडलो का गं?”

“लय. तिरडी बांधली तसा गळा काढलास. मदीच थांबायचास, त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघायचास, परत आदीपेक्षा मोठ्यानं रडायचास. बाया म्हणाल्या, लेकराला काय कळतंय.”

आवं, कळत कसं न्हवतं? मला वाटलं आसंल, आज आवाज कमी पडतोय...