सरळ बसलेला पंख

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बाप-लेक बसले होते.

"बाबा, दिवसभर त्या कॉम्प्युटरवर कसला गेम खेळता?"

"खेळतोय कुठे? माणसाला चंद्रावर नेणारं जुनं रॉकेट हुबेहूब बांधतोय. फोटोत बघून एकेक भाग जोडायचा."

"उडतं तरी का?"

"कालपर्यंत कलंडायचं. शेपटीचा एक पंख तिरका बसायचा. बोटं थरथरतात ना."

"मग डाव्या हाताने लावायचा."

"डाव्याचे लाड पुरेत. या उजव्या आळशालाच कामाला लावलंय."

"अहो, लकव्यानंतर त्या हातात तुम्ही चमचासुद्धा धरत नाही!"

"चमच्यात काय गंमत आहे? आज सकाळी मात्र पंख सरळ बसला. रॉकेट पार ढगांपलीकडे गेलं."

"आणि मला हाक नाही मारलीत?"

"भान कुठे होतं गं? रॉकेट वर गेलं, आणि मी आपला हाताकडेच बघत बसलो."