बापाची सही होती

आपांच्या शोकसभेला आलेल्या सगळ्यांना जय भीम, सलाम, नमस्कार. नसरीनआपांच्या अम्मी खुलताबादहून आल्यात, समोरच बसल्यात. त्यांच्या डोळ्यांत बघून बोलणं मला जमायचं नाय. खाली बघून बोलतो. राग मानू नका.

मी सुधाकर. आपांच्या हाताखाली चार वर्षं काम केलं. गावातली लेकरं दिवसभर मोबाईलचं काय करतात, हा आपांचा अभ्यास. आम्ही लेकरांच्या हातात मोबाईल द्यायचो अन् म्हणायचो, तुमचा दिवस तुम्हीच दाखवा. नियम एकच. व्हिडिओ आधी ते लेकरू बघणार. ते 'ठेवा' म्हणलं तर ठेवायचा, 'पुसा' म्हणलं तर त्याच्यासमोर पुसायचा. मी आईबापाच्या सहीचा कागद पुढं केला, की आपा चष्म्यावरून बघायच्या. "सही ठीक है. पहले बच्ची कू पूछे क्या?"

आता करमाडकडच्या त्या गावाचं. तुम्ही दबक्या आवाजात बोलता, की आपांच्या हातून एका पोरीचं वाटोळं झालं. आज उघड सांगतो. आपांच्या हातून नाय. माझ्या हातून.

शाळेत पालकसभा होती. आपा अजून यायच्या होत्या, मला घाई झाली. दाखवायला काहीतरी चांगलं पाहिजे म्हणून मी एका पोरीचा व्हिडिओ पडद्यावर लावला. सुरुवातीला कार्टून, पोरगी हसतेय. लई गोड वाटला होता मला. पुढचा मी बघितलाच नव्हता. तिला विचारलं नव्हतं. बापाची सही होती ना! पुढं पोरगी सांगत होती, घरात मारहाण सुरू झाली की मी धाकट्याला कार्टून लावून देते, आवाज मोठा करते.

बाप पहिल्या रांगेत बसला होता.

एवढं सांगायची तिनं मला मुभा दिलीय, म्हणून सांगितलं. नाव विचारू नका.

पोरीची शाळा बंद झाली. तिला पाचोडला मामाकडं धाडलं. चौकशी लागली तेव्हा आपा म्हणाल्या, चूक माझी. मी शेजारीच बसलो होतो. तोंड उघडलं नाय. का? नोकरी कच्ची, घरात तान्हं लेकरू. कारणं लई असतात हो. आपांचं काम गेलं. मग वर्षभर, दर बाजाराच्या दिवशी, आपा एस.टी.नं पाचोडला जाऊन मामाच्या ओट्यावर बसायच्या. तवा कुठं पोरीचं नाव तिथल्या शाळेत लागलं. मला एका शब्दानं बोलल्या नाय. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मागच्या आठवड्यात आपा गेल्या. अम्मींनी माझ्याकडं एकच मागितलं. त्या व्हिडिओच्या शेवटी आपांचा आवाज आहे, तेवढा एकदा ऐकव. दुसरीकडं कुठंच त्यांचा आवाज नाय. "झालं का बेटा? आधी तू बघ हां." एवढाच. पण त्याच आवाजाखाली पोरगी रडतेय. दोन्ही वेगळे होत नाय.

काल पाचोडला गेलो. मोबाईल पोरीच्या हातात दिला. तिनं सगळा बघितला. मग म्हणाली, "पुसा."

पुसला. तिच्यासमोर.

अम्मी, माफ करा. घरी येऊन सांगायची हिंमत झाली नाय.

आता मोबाईल बंद करून दोन मिनिटं उभं राहू. आपा, सलाम. या वेळी आधी पोरीला विचारलं.