चाळीस अर्क अन् एक चंद्रभान

...नाई, मले त्या प्रोफेसरचा राग नाई येत भाऊ, मले राग येते तो चंद्रभानचा! काहून? सांगतो ना!

साल एकेचाळीस. उमरावतीच्या कॉलेजात जंतूंची प्रयोगशाळा, तिथं मी शिपाई, अन् चंद्रभान प्रोफेसरच्या हाताखालचा डेमॉन्स्ट्रेटर. अकोल्याचा पोट्टा. त्याच्या मायचं, पार्बताबाईचं गजकर्ण तरोट्याच्या पाल्यानं गेलं, ते यानं लहानपणी पाह्यलं, तवापासून डोक्यात भुंगा... पाल्यात असं हाये तरी काय?

तुमाले सांगतो, भातकुलीपासून मूर्तिजापूरलोक एक झाड सोडलं नाई! चाळीस झाडांचे अर्क काढले. काचेच्या बशीत गजकर्णाची बुरशी वाढवाची, मधोमध अर्काचा थेंब टाकाचा, अन् पाहात बसाचं, मरते का. एकोणचाळीस अर्क फुकट! बुरशी अशी पोसून राहिली जसा आखाडात सासुरवाडीले आलेला जावई! चाळीसावा तरोटा. थेंबाभोवती रुपयायेवढी जागा साफ! पोट्टा नाचला? छे! तीनदा पुन्हा केलं, तीनदा तेच, तवा वहीत लिवलं अन् प्रोफेसरले सांगतलं, ‘सर, चाळिसात एकच लागू पडलं.’ खरं बोलाची खोड न त्याले!

प्रोफेसर मोरोपंत पुण्याचे. ‘अहो चंद्रभान, टाकळा म्हणावं, तरोटा काय तरोटा? आणि चाळिसात एक? आठ दिवसांनी नागपूरचे साहेब तपासणीला येताहेत, त्यांना काय एकच बशी दाखवू? सगळ्या पुन्हा मांडा!’

मे महिना, बाप्पा! बशा उबवाच्या पेटीखाली रॉकेलचा दिवा. बुरशी लवकर वाढावी म्हणून मोरोपंतांनी सोताच्या हातानं वात चढवली! चंद्रभान म्हणे, ‘सर, भाजून जाईन सारं.’ ‘तुम्ही मला शिकवू नका!’

साहेब याच्या दिवशी सकाळी पाह्यतो तं चाळीसही बशा लख्ख! एकेचाळिसाव्या बशीत पडताळ्यासाठी नुसतं पाणी टाकलं होतं... तेही लख्ख! म्हणजे विहिरीचं पाणी बी औषधी झालं का नाई?

साहेब म्हणे, ‘वंडरफुल!’ मोरोपंत फुगले. अन् हा पोट्टा पाण्याची बशी घेऊन पुढं निंगाला! खरं बोलाची खोड न त्याले! मोरोपंतांनी मधातच ती हिसकली, माह्या हातात कोंबली. ‘खुशालराव, धुऊन टाका.’

धुतली मी. काय करतो? पोटाची नोकरी होती.

चाळीस अर्कांचा अहवाल शास्त्राच्या मासिकात मोरोपंतांच्या नावानं छापून आला. आता गप बसावं का नाई माणसानं? यानं नागपूरले चिठ्ठी लिवली! ‘बुरशी उष्णतेने मेली. फक्त तरोटा खरा.’ खाली सही, तारखेसकट! नागपूरवाल्यांनी दहा अर्क तपासले, दहाही फुकट, मंग म्हणे अकरावा कायले पाह्यता? तरोट्यालोक कोणी पोचलंच नाई! अन् चिठ्ठी फिरत फिरत आली कुठी? मोरोपंतांच्या टेबलावर! ‘पाहा, यानं स्वतःच लिहून दिलंय, प्रयोग चुकला! मी विश्वास ठेवला हो या मुलावर!’

गेली नोकरी. मले कोणी विचारलं नाई. अन् मीही सांगतलं नाई.

पुढच्या अंकात दोन ओळी आल्या... सदर चुकीच्या प्रयोगांस श्री. चंद्रभान जबाबदार. तो अंक घेऊन मी अकोल्याले गेलो, म्हटलं पाय धरू पोट्ट्याचे. दारात पार्बताबाई.

‘काय आणलं, खुशालभाऊ?’

मी अंक पुढं केला. म्हटलं, ‘चंद्रभानचं नाव छापून आलं.’

‘माह्या बाबूचं? कुठी?’

चंद्रभान उठला. मायचं बोट धरलं, बरोब्बर आपल्या नावावर ठेवलं. काय छापलं, ते नाई सांगतलं त्यानं. तिनं नावाले हात जोडले, अन् डब्बा घेऊन साऱ्या आळीत साखर वाटून आली, ‘पोट्ट्याचं नाव छापलं वो माय!’

एक चिमूट त्याच्या हातावर ठेवली. त्यानं खाल्ली. एक माह्या हातावर.

मंग मीही खाल्ली.