चौथा संगणक

दवाखान्यात डोळ्यांत थेंब घालून आम्हाला बाकावर डोळे मिटून बसवलं होतं. शेजारी एक बाई आणि त्यांचा धाकटा भाऊ बोलत होते.

"ताई, तू अजून त्या संगणकाच्या धड्यातच अडकलीस?"

"अरे, जुना धडा आहे, चुका काढायला माझ्या गळ्यात मारलाय. पडद्यावर खोटेखोटे तीन संगणक मांडायचे, पहिल्यानं निरोप पाठवायचा. आणि धड्यात लिहिलंय, चौथ्याचं उत्तर येईल!"

"शून्यापासून मोजलं असेल. तुम्हा संगणकवाल्यांची खोडच आहे ती."

"कुठूनही मोज, तीनच भरतात. म्हणून मी 'चौथ्याचं' खोडून 'तिसऱ्याचं' केलं."

"मग झालं की!"

"कसलं झालं! शिकणाऱ्यांच्या तक्रारी आल्या, उत्तर चौथ्याचंच येतंय म्हणून. मी चालवून पाहिलं. खरंच आलं."

"आत जुनं काहीतरी राहिलं असेल. सगळं पुसून टाकायचंस."

"पुसलं ना. तिन्ही काढले, एकसुद्धा ठेवला नाही. आणि रिकामंच चालवलं."

"मग काय येणार, कपाळ!"

"एक ओळ आली."

"काय?"

"'बाकीचे कुठे गेले?'"