विचेतला घातलेली हाक

माननीय अध्यक्षमहोदय, पूज्य भन्तेजी, व्यासपीठावरील मान्यवर, सहकारी शिक्षकहो आणि केवळ जेवणासाठी थांबलेल्या पालकहो,

प्रथम एक गंभीर तक्रार. या सभागृहातला एकुलता एक पंखा आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्तींकडे वळवून बांधून ठेवला आहे. बट्टामबांगच्या या उकाड्यात वारासुद्धा गणिताच्या सारोउनदादांनाच! बाकी सगळं तर त्यांना मिळतंच.

मी भाषा शिकवते. ‘बाकस्बात’ हा शब्द वर्गात मीच समजावते: ख्मेर रूजच्या उपासमारीच्या, वेठबिगारीच्या काळातून जिवंत निघालेल्या, पण धीर कायमचा मोडलेल्या माणसाची अवस्था. हल्ली पेपर अवघड गेला तरी पोरं म्हणतात, “बाई, बाकस्बात झालं!” मी रागावते. अहो, दाखला माझ्या घरात आहे. भोंगा वाजला की आई ताठ उभी राहते. उशाखाली भात लपवते. काय झालं विचारलं की, “काही नाही गं.” जन्मभर एवढंच.

दादा पूर्वी मठात होते, त्यामुळे भेदरलेल्यांचे भटकलेले प्राण हाकारायला लोक त्यांनाच बोलावतात. मीही बोलावलं. भात, केळी, प्राण परतले की मनगटाला बांधायचा सुताचा दोरा मांडून ते म्हणाले, “मावशी, तुमचे प्राण घरी बोलावू या.”

“माझे राहू दे, बाबा. माझ्या विचेतला बोलाव. कालव्याच्या कामावर राहिलाय तो.”

विचेत कोण? मला थोरला भाऊ होता, हे पंचेचाळिशीत, स्वयंपाकघराच्या दारात कळलं!

गेलेल्याला अशी हाक घालत नाहीत, हे आपण सगळेच जाणतो. मी चूक दाखवणारच होते, सवय! दादांनी मात्र विचारलं, “केवढा होता?”

“तुझ्या कमरेएवढा.”

“विचेत, घरी ये रे. भात निवतोय.”

मग आई दुपारभर बोलली. त्यांच्याशी. मी चहा करत होते.

लेक मी, भाषा माझी, आणि आई बोलली गणितवाल्याशी! जळू नको तर काय करू? अजून मी घरात शिरले की ती विचारते, “मास्तर नाही आले?”

काल मात्र दोरा वळताना तिनं मला हाक मारली. “बस इथं. टोक धर.” मी धरलं. वळता वळता म्हणाली, “विचेतला कैरी फार आवडायची.” हे दादांनाही ठाऊक नाही. विचारून पाहिलंय मी.

ऐकून घेतलंत, आभारी आहे. जिभेनं मर्यादा सोडली असेल, तर दोष उकाड्याला द्या. दादा, हात पुढे करा. आईनं वळलेला हा दोरा तुमचाच आहे. तुमचे प्राण त्या फळ्यापाशी घुटमळायला नकोत.

सारोउनदादा, घरी या. भात निवतोय.